मदत हवी आहे: खोतीविरोधी चळवळीचे मूळ कागद नेमके कुठे आणि काय म्हणून मागायचे?

केवडा_दापोली

नमस्कार मंडळी,

मी दापोली तालुक्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. यंदा पीएचडीची नोंदणी झाली. विषय ढोबळमानाने असा: रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतली खोतीविरोधी चळवळ आणि बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष, १९२७ ते १९५०. खोत म्हणजे कुळांकडून वसूल करून गावाचा सारा सरकारात भरणारा वतनदार.

आतापर्यंत जे वाचलं ते सगळं छापील. चरित्रं, गौरवग्रंथ, दोनचार प्रबंध. त्यावर पंचवीस पानांचं टिपण करून गाईड सरांना दिलं. ते परत आलं तेव्हा पहिल्या पानावर लाल पेनाने दोनच शब्द होते: "कागद कुठेत?" सर कमी बोलतात.

म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. काउंटरवर सांगितलं, राज्यशास्त्राच्या संशोधनासाठी हस्तलिखितांचा संग्रह बघायचाय. तिथल्या बाई अगदी आस्थेने आत घेऊन गेल्या आणि लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या समोर मांडल्या. धर्मशास्त्र, ज्योतिष, एक वेदान्तावरची टीका. मी म्हटलं, अहो हे नाही, राजकारणाचे कागद हवेत. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "राजनीतीवरची एक आहे, पण संस्कृतात आहे. चालेल?"

त्यांचं काही चुकलं नाही, माझाच शब्द चुकला असणार. मग बरोबर शब्द कोणता? आणि तो कुठे जाऊन उच्चारायचा? मला दिवाळीच्या सुट्टीत जेमतेम आठ दिवस मिळतील. घरी सासूबाई आणि दोन मुलं आहेत, त्यामुळे मुंबईत महिनाभर मुक्काम टाकणं शक्य नाही. कुठे आधी जावं, काय घेऊन जावं, काय घरबसल्या मिळेल, हे अनुभवींनी सांगावं.

अजून एक. आमच्या शेजारच्या वाडीत एका जुन्या खोत घराण्याच्या माळ्यावर कागदांचं गाठोडं आहे. घरातल्या आजींनी मला ते लांबून दाखवलं. वरचा कागद मोडीत आहे, मला मोडी येत नाही. आकडे तेवढे कळले: "सन १३४३". चौदाव्या शतकातला कागद आमच्या वाडीत असेल असं वाटत नाही. हे काय प्रकरण आहे?

चष्मिस

गूगल केलंत का? अभिलेख पटल म्हणून साइट आहे. सगळं तिथे आहे.

केवडा_दापोली

केलं. "खोत" टाकल्यावर जे आलं त्यात माझ्या कामाचं फारसं नव्हतं. कसं शोधायचं हाच तर प्रश्न आहे.

रुमालकरी

केवडाताई, मी नोकरीची बरीच वर्षं जुन्या दप्तरांत काढली. आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळही आहे आणि बोलण्याची खोडही. जरा लांबेल.

आधी शब्द. ग्रंथालयात "हस्तलिखित" म्हटलं की पोथीच येणार. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयाचा हस्तलिखित संग्रह घ्या, त्यात संस्कृत, फारसी, अरबी ग्रंथ आहेत. तो भाषेच्या आणि धर्माच्या अभ्यासकांचा खजिना, तुमचा नव्हे. तुम्हाला हवेत ते दोन प्रकारचे कागद. एक, सरकारी अभिलेख. दोन, "खाजगी कागदपत्रे", म्हणजे एखाद्या पुढाऱ्याचा किंवा संस्थेचा पत्रव्यवहार, डायऱ्या, हिशेब. दिल्लीला तीन मूर्तीत जे नेहरू स्मारक संग्रहालय होतं (२०२३ पासून पंतप्रधान संग्रहालय), त्याच्या ज्या विभागाला इंग्रजीत मॅन्युस्क्रिप्ट्स म्हणतात, तिथे हे दुसऱ्या प्रकारचे कागद आहेत: काँग्रेस समितीचे, हिंदू महासभेचे, पुरुषोत्तमदास ठाकुरदासांचे. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाने मराठीत घोळ घातला आहे. तुम्ही पहिल्या नाही.

आता मुख्य गोष्ट. ग्रंथालयात पुस्तकं विषयाने लावलेली असतात. दप्तरखान्यात कागद विषयाने लावत नाहीत, खात्याने लावतात. ज्या कचेरीत तो कागद तयार झाला, त्या कचेरीच्या फाइलीत तो राहतो. त्यामुळे "खोतीविरोधी चळवळ" नावाची फाइल शोधू नका, ती सापडणार नाही. १९३५ साली चळवळ म्हणून तिच्याकडे बघणारा कारकून नव्हता. त्याच्यापुढे काय होतं? वसूल थकला, म्हणजे महसूल खातं. सभा झाली, भाषण झालं, म्हणजे गृह खात्याची स्पेशल शाखा. विधेयक आलं, म्हणजे विधी खातं आणि विधिमंडळाचं कामकाज. कुळावर फिर्याद झाली, म्हणजे कोर्ट. एकच घटना चार कपाटांत. प्रत्येक कपाटात तिचं नाव वेगळं.

चरीचा संप घ्या. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झाला, अलिबाग तालुक्यातल्या पंचवीस गावांनी जमीन कसायची नाही असं ठरवलं आणि ते सहा वर्षं चाललं. नारायण नागू पाटील पुढारी. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब तिथल्या सभेला अध्यक्ष म्हणून आले. महसूल खात्याच्या दृष्टीने हा खंडाचा, म्हणजे कुळाने जमिनीपोटी द्यायच्या हिश्श्याचा वाद, गृह खात्याच्या दृष्टीने शांततेचा प्रश्न. दोन्ही बाजूंनी मागवल्याशिवाय चित्र उभं राहत नाही. खोताचा अर्ज तुम्हाला त्याच्या सहीनिशी, पल्लेदार इंग्रजीत मिळेल. कुळाचं म्हणणं मात्र बऱ्याचदा सभेत मागे उभं राहून टिपण घेणाऱ्या पोलिसाच्या वहीतच सापडतं, तेही त्याने ऐकलं तसं. प्रबंध लिहिताना हे ध्यानात असू द्या.

जायचं कुठे, तर पहिल्यांदा मुंबईला, पुराभिलेख संचालनालयात. काळा घोड्यापाशी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. मुंबई सरकारचं रेकॉर्ड ऑफिस १८२१ सालचं, त्याचा हा वारसा. पुण्याची शाखा पेशवे दफ्तरासाठी, तुमच्या काळासाठी तिची घाई नाही.

"सन १३४३" बद्दल: त्या कागदावर नुसतं "सन" आहे की आणखी काही? फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाची जुनी सालगणना असेल तर त्यात ५९० मिळवा. १९३३-३४ येतं. फसली वर्ष मृगापासून धरतात, म्हणून मृगसाल. त्यामुळे जूनच्या आधीच्या तारखेला ५९१ मिळवावे लागतात. खात्री करायला दुसरीकडे शक दिला आहे का बघा.

फोर्टातला

रुमालकरी काकांच्या शब्दाशब्दाला अनुमोदन. मी सध्या तिथेच बसतो (वेगळा विषय, गिरण्या), म्हणून व्यवहाराचं सांगतो.

कॉलेजच्या आणि गाईडच्या लेटरहेडवरचं पत्र, आधार, दोन फोटो सोबत ठेवा. पत्रात विषय मोघम लिहू नका, खातं आणि वर्षं लिहा. "महसूल खाते व गृह (विशेष) खाते, १९२७ ते १९५०, रत्नागिरी व कुलाबा जिल्हे" असं. निघण्याआधी फोन करून वेळा आणि सुट्ट्या विचारा. दिवाळीची सुट्टी तुम्हालाच असते असं नाही, सरकारलाही असते! हे मी पहिल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुलुपासमोर उभा राहून शिकलो.

पहिला दिवस फाइल मिळेल या आशेने जाऊ नका, सूची वाचायला जा. सूचीतून क्रमांक उतरवायचा, मागणीची चिठ्ठी भरायची, मग फाइल येते. कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या, कधी "जागेवर नाही" असा शेरा येतो. म्हणून एका वेळी एकच चिठ्ठी देऊन बसू नका. पेन्सिल न्या. अशा वाचनकक्षांत बऱ्याच ठिकाणी पेन चालत नाही. फोटोंचे नियम आणि दर तिथेच विचारा, मनाने मोबाइल काढू नका.

नोंद घेताना आधी खातं, वर्ष, फाइल क्रमांक, पान क्रमांक लिहा, मग मजकूर. माझ्याकडे एक अप्रतिम उतारा आहे, त्यावर फाइल क्रमांक लिहिला नाही. दोन वर्षं झाली, तो उतारा मी कुठेच वापरू शकलेलो नाही.

तलाठ्याचा_पोर

ताई, मुंबई-दिल्ली सगळं ठीक, पण तुमच्या पायाखालीच अर्धा प्रबंध आहे. तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम आणि भूमी अभिलेख.

माझे वडील मंडणगडकडे तलाठी होते. त्यांच्या तोंडी सतत एक शब्द असायचा, बोटखत. १८८० च्या खोती कायद्यानंतर खोती गावांत कोणतं कूळ कोणत्या हक्काने जमीन धरतं आणि खोताला काय देतं याची जी नोंद झाली, ते बोटखत. अजून कोकणातल्या जमिनीच्या दाव्यांत ते काढतात. त्यात "खोती खासगी" आणि "खोती निसबत" असे दोन शब्द दिसतील. खासगी म्हणजे खोताची स्वतःची, निसबत म्हणजे खोताच्या हाताखालची, कुळाच्या कसणुकीतली. तुम्ही राजकारणाचा अभ्यास करताय, पण त्या काळात कोण कुणाच्या विरुद्ध उभं राहिलं हे एका गावापुरतं तरी बोटखतावरून लावून बघा. सभेला गेलेल्या माणसांची नावं पोलीस रिपोर्टात, त्यांच्या जमिनी बोटखतात.

नकलेचा साधा अर्ज करायचा, गाव आणि सर्व्हे नंबर घालून. "सगळ्या गावाचं द्या" म्हटलंत तर कुणीच हात लावणार नाही. दोन-तीन गावं निवडा. काही तालुक्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन महाभूमीच्या साइटवर "आपले अभिलेख" मध्ये आलेत, आधी तिथे बघा. आणि रेकॉर्ड रूमच्या कारकुनाला पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराची भीती घालू नका. चहा पाजा. अधिकार पळून जात नाही.

मालवणी_मुसाफिर

आमच्या घराच्या माळ्यार पण असोच एक पेटारो आसा. आजो म्हणायचो, तेका हात लावू नको, जमिनीचे कागद आसत. गेल्या पावसात शेवटी उघडलंय तर आत उंदराचा अख्खा खटला आणि एक तांब्याची पळी. कागदाचो भुगो. ताई, दिवाळीची वाट बघू नको, आजींका आजच गाठ.

रुमालकरी

मालवणकरांनी हसत हसत खरं सांगितलं. कोकणात कागदाचे वैरी तीन: दमट हवा, वाळवी, कसर. चौथा म्हणजे आपण. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं, २००५ आणि २०२१ च्या जुलैत तिथे पुराचं पाणी शिरलं. मोठ्या संस्थेची ही गत, तर माळ्यावरच्या गाठोड्याचं काय घेऊन बसलात.

गाठोडं उघडाल तेव्हा: हात धुऊन कोरडे करा. फडकं फाटकं असलं तरी टाकू नका, त्यावर कधी गावाचं नाव, साल लिहिलेलं असतं. आम्ही त्याला रुमाल म्हणतो, माझं टोपणनाव तिथूनच आलं. कागद ज्या क्रमाने आहेत तो क्रम मोडू नका, तारखेनुसार लावायची हौस पुढे फोटोंवर भागवा. चिकटलेले कागद ओढू नका. उन्हात वाळत घालू नका, सावलीत पंख्याखाली. चिकटपट्टी, लॅमिनेशन, स्टेपलर यांना घरात थारा नको. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, फक्त त्या कागदाला टेकू देऊ नका.

फोर्टातला

कॅटलॉग शोधताना नावांचा घोळ लक्षात ठेवा. रायगड शोधू नका, १९८१ पर्यंत तो कुलाबा. सिंधुदुर्गही १९८१ चा, त्याआधी मालवण, वेंगुर्ला रत्नागिरीत, आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान. इंग्रजी स्पेलिंगं तर विचारू नका, जुन्या कागदांत रत्नागिरी "रटनाघेरी" छाप लिहिलेली, चिपळूणला शेवटी दोन ओ. चष्मिस म्हणतात ती अभिलेख पटल साइट राष्ट्रीय अभिलेखागाराची आहे आणि उपयोगी आहे, पण तिथे मराठी उच्चाराने नाही, कारकुनाच्या स्पेलिंगने शोधावं लागतं.

आणि मुरुड दोन आहेत! तुमच्या दापोलीतलं एक, जंजिऱ्याचं दुसरं. जंजिरा संस्थान होतं, म्हणजे मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा इथला कारभार ब्रिटिश जिल्ह्याचा नव्हे. मी एकदा चुकीच्या मुरुडची फाइल दीड तास वाचली.

चष्मिस

आधीचा प्रतिसाद तुसडा झाला, माफ करा. भरपाई म्हणून: बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा शासनाने काढलेला दुसरा खंड बघा, त्यात मुंबई विधिमंडळातलं कामकाज आहे. १७ सप्टेंबर १९३७ ला मांडलेलं खोती निर्मूलनाचं विधेयकही त्यात आहे. नेटवर मोफत मिळतो. तसंच शासनानेच बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यावर साधनग्रंथ काढलाय, त्यात पोलीस आणि सरकारी कागद छापलेत. मुंबईला जायच्या आधी तो वाचा, म्हणजे जे छापलंय तेच परत उतरवत बसणार नाही. "बहिष्कृत भारत" आणि "मूकनायक" यांचं पुनर्मुद्रणही शासनाने एकत्र केलंय. तुमच्या शेजारचा प्रसंग, एप्रिल १९२९ ची चिपळूणची शेतकरी परिषद, बाबासाहेब अध्यक्ष. त्या काळातलं पत्र "बहिष्कृत भारत"च. पुढच्या वर्षांसाठी "जनता", नोव्हेंबर १९३० पासून. कुलाब्याच्या बाजूने नारायण नागूंचं "कृषीवल", १९३७ पासून.

रुमालकरी

चष्मिस, हे आधीच लिहायचं की राव!

एक भर. खोतांची बाजूही वाचा, केवडाताई. तुमच्या दापोलीच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, स्वतः खोत घराण्यातले, त्यांनी एकोणिसाव्या शतकात खोतांच्या हक्कांची वकिली केली. १८७३ साली ई. टी. कँडी यांनी खोतीसंबंधीच्या सरकारी कागदांचं संकलन केलं, ते छापील आहे. तुमचा काळ पुढचा असला तरी १९३७ च्या वादातले युक्तिवाद कुठून आले ते या जुन्या कागदांत दिसतं. १८८० चं रत्नागिरी गॅझेटिअर तर घरचंच समजा. आणि दिल्लीला गेलातच तर राष्ट्रीय अभिलेखागारात मु. रा. जयकरांचे कागद आहेत. पण त्यासाठी आठ दिवसांतले दिवस खर्चू नका, ते पुढल्या मेसाठी ठेवा.

केवडा_दापोली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं खरंच वाटलं नव्हतं.

मालवणकरांचं ऐकून काल संध्याकाळीच आजींकडे गेले. त्यांच्या नातवाने शिडी लावली. गाठोडं ओटीवर, जुन्या चादरीवर ठेवलं. फडकं मूळचं कुसुंबी असावं, आता चहासारखं झालंय. एका कोपऱ्यात शाईने काहीतरी लिहिलंय, तेही मोडीत. आतून वेखंडाचा नाही, पण सुक्या कडुनिंबाचा पाला पडला. कुणीतरी कधीतरी काळजी घेतली होती.

काका, वरच्या कागदावर दुसऱ्या ओळीत अगदी बारीक "शके १८५५" आहे. मी आधी पाहिलंच नव्हतं. अठ्ठ्याहत्तर मिळवले, १९३३. अंगावर काटा आला हो. मोडी येत नसूनही एक शब्द ओळखीचा वाटला, "कबुलायत" (कुळाने लिहून दिलेला करार), पण तो माझा भासही असू शकेल.

आजींनी फोटो काढू दिले, क्रम न मोडता, सत्तावन्न पानं झाली. खालचे दहाबारा कागद चिकटलेत, त्यांना हात लावला नाही. आजींची अट एकच. म्हणाल्या, "यात ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं अजून आमच्याकडे गणपतीला येतात. कुणाचं किती देणं राहिलं होतं ते छापून काढू नकोस." मी कबूल केलं, गाव आणि नावं बदलूनच लिहीन. गाईड सरांना हे पटवावं लागेल, पण ते नंतर.

तलाठीदादा, त्याच गावच्या बोटखताचा अर्ज सोमवारी देतेय. फोर्टातले, दिवाळीचा बेत बदलून तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात रजा टाकली आहे, कुलूप बघायचं नाही म्हणून. पत्रात खातं आणि वर्षं तुम्ही सांगितलीत तशीच लिहिली.

आता फक्त मोडीचं उरलं. पुराभिलेखवाले मोडीचे वर्ग घेतात असं कळलं, ते मी करणारच आहे, पण सत्तावन्न पानं तोवर थांबवत नाही. दापोली, खेड, चिपळूण या बाजूला कुणी मोडी वाचणारं असेल, निदान पहिली पाच पानं माझ्यासोबत बसून वाचणारं, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. एसटीने कुठेही येईन, फणसपोळी घेऊन.

रुमालकरी

खेडला माझा भाचा असतो, पुढच्या महिन्यात मी तिकडे आहे. व्यनि केलाय. फणसपोळी नको, साखर वाढलीय. फोटो मात्र मोठ्या आकारात पाठवा, आणि कोपऱ्यावरच्या त्या लिखाणाचा आधी.